सात भास्कर

जुने ग्रंथ आणि जुने कागद वाचणाराला पहिली अडचण पडते ती नांवांची. आज माणसाच्या नांवापुढें बापाचें नांव येतें, त्यापुढें आडनांव येतें, आणि तेवढ्यानेंही न भागल्यास गांव विचारतां येतें. पूर्वींचा ग्रंथकार पुष्कळदां आपलें एकटें नांव सांगून मोकळा होई. त्यांतून नांवें ठेवावयाचीं तीं देवांचीं, ग्रहांचीं किंवा घरांतील वडीलधाऱ्यांचीं. त्यामुळें तींच तींच नांवें पिढ्यान् पिढ्या फिरत राहिलीं. नांव हातीं लागतें, पण त्या नांवाचा माणूस कोणता हें ठरविणें शिल्लकच राहतें. या कामीं चूक झाली तर ती केवळ सनावळींतील चूक ठरत नाहीं. एका माणसाच्या जन्माची कमाई दुसऱ्याच्या खात्यावर चढते, आणि तिचा खरा धनी लोकांच्या स्मरणांतून पुसला जातो.

'भास्कर' हें नांव या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत या नांवाचे निदान सात पुरुष असे होऊन गेले कीं, त्यांतील प्रत्येकानें आपापल्या क्षेत्रांत कांहीं तरी ठेवा मागें ठेवला. दोघे ज्योतिषी, एक वेदान्ती, एक राजमान्य विद्वान, एक मराठी कवि, एक सेनानी आणि एक देवीचा उपासक असा हा मेळा आहे. सामान्य माणसास मात्र यांतील एकच भास्कर ठाऊक असतो, तो म्हणजे 'लीलावती' लिहिणारा. बाकीचे सहा त्या एकाच्या प्रकाशांत दिसेनासे झाले आहेत.

यांतील पहिला भास्कर 'लीलावती'कारापूर्वीं पांचशें वर्षें होऊन गेला. आर्यभटाच्या ग्रंथावर त्यानें विस्तृत भाष्य लिहिलें आणि कल्पारंभापासून किती वर्षें लोटलीं तें त्यांत सांगितलें. त्यावरून भाष्याचा काळ इ. स. ६२९ हा ठरतो. ब्रह्मगुप्ताचा 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' त्याच्या आदल्याच वर्षींचा, म्हणजे ६२८ चा आहे. काठेवाडांतील वलभी नगरीशीं या भास्कराचा संबंध होता असें त्याच्या उदाहरणांवरून दिसतें. 'महाभास्करीय' आणि 'लघुभास्करीय' हे त्याचे दोन स्वतंत्र ग्रंथ होत.

त्याच्या बुद्धीची चुणूक पहावयाची असेल तर ज्या काढण्याची त्याची रीत पहावी. ज्यांचें कोष्टक हातीं नसतां कोणत्याही कोनाची ज्या कशी काढावी, हा प्रश्न त्यानें घेतला. कोनाचे अंश १८० मधून वजा करावे आणि बाकीला त्याच अंशांनीं गुणावें. आलेल्या गुणाकाराची चौपट हा भाज्य. ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून उरेल तो भाजक. ३० अंशांचा कोन घेतला तर गुणाकार ४,५०० येतो, भाज्य १८,००० आणि भाजक ३६,०००; म्हणजे ज्या त्रिज्येच्या बरोबर निम्मी. ९० अंशांना उत्तर पूर्ण त्रिज्या येतें. मधल्या कोनांना उत्तर किंचित् कमीजास्त येतें, तरी व्यवहारांत तो फरक फारसा जाणवणार नाहीं. सातव्या शतकांतील माणसानें पाटीवर मांडतां येईल असें हें साधन करून ठेवलें.

दक्षिणेंत, विशेषतः केरळांत, या भास्कराचे ग्रंथ पुढें पुष्कळ शतकें अभ्यासले गेले. शंकरनारायणानें 'लघुभास्करीया'वर ८६९ सालीं टीका लिहिली, आणि पंधराव्या शतकांत परमेश्वरासारख्या मोठ्या ज्योतिष्यानें त्याच्या ग्रंथांवर लेखणी चालविली. अन्यत्र मात्र 'भास्कर' म्हटलें कीं लोकांच्या मनांत बाराव्या शतकांतला भास्कराचार्यच उभा राही. बिभूतिभूषण दत्त यांनीं १९३० सालीं या दोन भास्करांवर स्वतंत्र निबंध लिहून त्यांचें वेगळेपण विद्वानांपुढें मांडलें. पुढें पुण्याच्या आनंदाश्रमानें १९४५ व १९४६ या सालांत 'महाभास्करीय' आणि 'लघुभास्करीय' परमेश्वराच्या टीकांसह छापून काढले. विद्वानांनीं आतां यांस 'पहिला' आणि 'दुसरा' असे क्रमांक दिले आहेत. राजांना असे क्रमांक देतात, पण तेथें गादी एक असते. येथें दोघांमध्यें रक्ताचा वा वारशाचा संबंध दिसत नाहीं; नांव आणि शास्त्र एवढेंच काय तें समान.

दुसरा पुरुष वेदान्तांतला. शंकराचार्यांनंतर, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास, एका भास्करानें ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिलें आणि मायावादावर कडक टीका केली. त्याचें मत भेदाभेदवाद या नांवानें ओळखलें जातें. कारणरूपानें ब्रह्म एक आहे आणि कार्यरूपानें तेंच अनेक आहे. जग हें त्याचें खरेंखुरें परिणमन आहे, भास नव्हे, असें तो म्हणतो. मोक्षासाठीं एकटें ज्ञान पुरेसें नसून ज्ञान आणि कर्म यांची जोड हवी, असाही त्याचा आग्रह आहे. शंकराचार्यांसारख्या आचार्याशीं इतक्या लवकर आणि इतक्या निर्भयपणें वाद घालणारा हा भाष्यकार आहे. तरीही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांबाहेर त्याचें नांव निघत नाहीं. शिवाय निंबार्काचार्यही भेदाभेदच मानणारे, आणि 'अर्क' व 'भास्कर' हे दोन्ही शब्द सूर्याचेच. त्यामुळें या दोघांचीही कोठें कोठें गल्लत झालेली आहे. नांव तेंच असावयास नको, नांवाचा अर्थ तोच असला तरी घोटाळ्यास पुरतो.

घोटाळा टाळावयाचा कसा, याचा उत्तम धडा खानदेशांत दगडावर कोरलेला आहे. चाळीसगांवापासून सुमारें दहा मैलांवर पाटण गांवीं देवीच्या देवळांत एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो उजेडांत आणून १८६५ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. लेख शके ११२८ चा. निकुंभ वंशांतील सोइदेवानें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं एका मठास देणगी दिली, ती त्यांत नमूद आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतांत आहे आणि देणग्यांचा तपशील त्या काळच्या मराठींत आहे.

या लेखांत भास्कराचार्यांची सबंध वंशावळ दिली आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा पुत्र भास्कराचार्य. म्हणजे एकाच घरांत, एकाच दगडावर दोन भास्कर! त्यांतील वडील भास्करभट्टास धारच्या भोजराजानें 'विद्यापति' ही पदवी दिली होती, असें लेख सांगतो. त्याच्या पांचव्या पिढींत पुन्हां तेंच नांव आलें. लेख लिहिणारानें बाप, आजा आणि पदवी सांगितली म्हणूनच आज या दोघांची सरमिसळ होत नाहीं. पुढें भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाळाकडे गेला, आणि नातू चांगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला, हेंही त्याच लेखावरून कळतें.

भास्कराचार्य स्वतःही या बाबतींत दक्ष होते. आपला जन्म शके १०३६ मध्यें झाला आणि 'सिद्धान्तशिरोमणि' आपण छत्तिसाव्या वर्षीं रचला, हें त्यांनीं ग्रंथांतच सांगून ठेवलें. त्यावरून जन्म इ. स. १११४ आणि ग्रंथ ११५० चा हें निश्चित होतें. गोत्र शांडिल्य, पिता व गुरु महेश्वर, गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड, इतकी सर्व खूण त्यांनीं दिली. काळानें तरीही डाव साधलाच. माणसाविषयीं शंका उरली नाहीं, पण गांवाविषयीं उरली. विज्जडविड म्हणजे विजापूर असें कित्येकांनीं नांवाच्या सारखेपणावरून धरलें. दुसऱ्यांनीं शिलालेखाच्या आधारें तें पाटणच्या परिसरांत शोधलें. सारख्या नांवाची भूल माणसांपुरतीच नसते.

यादवांच्या राज्याच्या उतरत्या काळीं आणखी एक भास्कर मराठींत लिहीत होता. बोरी गांवचा म्हणून तो भास्करभट्ट बोरीकर. महानुभाव पंथाचा हा विद्वान कवि. 'शिशुपाळवध' आणि 'उद्धवगीता' हीं त्याचीं काव्यें. पहिल्या काव्याविषयीं पंथांत अशी आख्यायिका आहे कीं, तें वाचून एका वडील गुरुबंधूनें काव्य उत्तम, परंतु विरक्तांच्या मार्गास शृंगार उपयोगाचा नाहीं, असा अभिप्राय दिला. तेव्हां कवीनें वैराग्यपर 'उद्धवगीता' लिहिली. संस्कृतांत माघाचेंही 'शिशुपालवध' आहेच, तेव्हां येथें कवीचें नांव आणि काव्याचें नांव दोन्ही दुसऱ्याशीं जुळतात. त्यांत महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत जपून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, आणि मगच पंथाबाहेरच्या मराठी वाचकास हा कवि भेटला.

अठराव्या शतकांतील भास्कर हातीं तरवार घेऊन येतो. भास्करराम कोल्हटकर हे नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी व सेनापति. १७४२ सालीं त्यांनीं बंगालवर स्वारी केली आणि कांटव्यास छावणी दिली. स्वारीच्या खंडणीनें व लुटीनें बंगालची प्रजा हैराण झाली. नबाब अलीवर्दीखानानें ३१ मार्च १७४४ रोजीं तहाच्या बोलण्यासाठीं म्हणून त्यांस मानकरा येथें बोलाविलें, आणि डेऱ्यांतच त्यांचा व त्यांच्याबरोबरच्या वीसांहून अधिक सरदारांचा दगा करून वध केला. रघूजींनीं पुढें युद्ध चालू ठेवलें, आणि १७५१ च्या तहानें ओरिसाचा वसूल व बंगालच्या चौथाईचे वर्षाला १२ लाख रुपये भोसल्यांना मिळाले.

भास्करराम हें महाराष्ट्रांत पुरेसें नांव होतें. स्वतःचें, बापाचें आणि घराण्याचें असें तिहेरी. बंगालनें मात्र त्यांस 'भास्कर पंडित' म्हटलें. गंगाराम या बंगाली कवीच्या 'महाराष्ट्रपुराणां'त बारगीरांच्या जुलमाचें आणि या भास्कराच्या शेवटाचें वर्णन आहे. एकाच माणसाचें स्मरण एका प्रांतांत विश्वासघातानें मारला गेलेला सेनापति म्हणून राहिलें, आणि दुसऱ्या प्रांतांत लुटारूंचा नायक म्हणून. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. येथें एका नांवाखालीं दोन माणसें दडलेलीं नसून एकाच माणसाचीं दोन चित्रें आहेत.

सातवा भास्कर याच सेनापतीच्या काळचा, तोही महाराष्ट्रीय ब्राह्मण, आणि खराखुरा पंडित. गंभीररायांचे पुत्र भास्करराय हे श्रीविद्येचे थोर उपासक. ललितासहस्रनामावरील 'सौभाग्यभास्कर', 'सेतुबंध' व 'वरिवस्यारहस्य' हे त्यांचे ग्रंथ. आयुष्याचा उत्तरकाळ त्यांनीं कावेरीतीरीं घालविला. तेथें तंजावरच्या मराठे राजांनीं त्यांना दिलेलें गांव भास्करराजपुरम् या नांवानें ओळखलें जातें. उमानंदनाथ या शिष्यानें 'भास्करविलास' लिहून गुरूचें चरित्र राखलें. दीक्षेचें भासुरानंदनाथ हें नांव असूनही भास्कररायांस आपलें मूळ नांव प्रिय असावें. 'सौभाग्यभास्करा'चे बारा भाग त्यांनीं सूर्याच्या बारा कलांच्या नांवांवर पाडले. आपल्या नांवाची मुद्रा ग्रंथाच्या रचनेंतच उमटविली.

या सातांकडे एकत्र पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ज्याच्यामागें कोणी तरी खूण ठेवली तो टिकला. भास्कराचार्यांनीं शक सांगितला आणि नातवाच्या काळीं दगड कोरला गेला. भास्कररायांना शिष्य लाभला. बोरीकरास पंथानें लिपीच्या कुलुपांत सांभाळलें. पहिल्या भास्करानेंही आपला काळ सांगितला होता. पण त्याची पोथी ज्यांच्या हातीं होती ते एका कोपऱ्यांत राहिले, आणि इतर प्रांतांना तेंच नांव धारण करणारा दुसरा पुरुष जवळचा वाटला.

हा घोटाळा जुन्या काळाबरोबर संपला असेंही नाहीं. भारतानें तयार केलेले दोन उपग्रह ७ जून १९७९ आणि २० नोव्हेंबर १९८१ या दिवशीं सोव्हिएट रशियांतून सोडण्यांत आले. त्यांचीं नांवें भास्कर-पहिला आणि भास्कर-दुसरा. ते क्रमांक उपग्रहांचे आहेत, ज्योतिष्यांचे नव्हेत. परंतु पुढें कधीं तरी एखादा अभ्यासक हीं चार नांवें एका ओळींत वाचील, तेव्हां त्याला प्रत्येकाजवळ थांबून सोइदेवाच्या शिलालेखकाप्रमाणेंच विचारावें लागेल: हा भास्कर कोणाचा, कोठला, आणि कोणत्या सालचा?