मुंबईचे विमानतळ : जुहू ते नवी मुंबई

मुंबईच्या विमानतळांचा इतिहास हा अपुऱ्या पडत गेलेल्या जागेचा इतिहास आहे. १९२८ मध्ये जुहू येथे विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन येथेच उतरले. मात्र पावसाळ्यात ही जागा चिखलमय होत असल्याने त्या काळात टाटांची विमानसेवा पुण्याहून चालवावी लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी वाहतूक सांताक्रूझ येथे हलविण्यात आली. १९८१ मध्ये सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभे राहिले. २००६ मध्ये विमानतळाचे व्यवस्थापन खासगी भागीदारीकडे गेले आणि २०१४ मध्ये नवे टर्मिनल-२ खुले झाले. इमारती वाढल्या, तरी मूळ अडचण कायम राहिली. येथील दोन्ही धावपट्ट्या परस्परांना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते; सभोवतालच्या दाट वस्तीमुळे समांतर धावपट्टीस वाव नाही.

त्यामुळे खाडीपलीकडे, पनवेलजवळ दुसरा विमानतळ उभारण्यात आला. त्यासाठी टेकडी सपाट करून उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, तर दहा गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. येथील आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत.