रात्रभराचा सामना, साठ मिनिटांची कॅसेट

१९७२मध्ये जेथ्रो टल या इंग्लिश बँडने ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढला. गाणं एकच, पण तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारं. आदल्या वर्षी पिंक फ्लॉइडने ‘एकोज’साठी एक अख्खी बाजू खर्ची घातली होती. तीन-चार मिनिटांत गाणं आटोपण्याचा दंडक मोडल्याचं तिकडे मोठं कौतुक झालं. नांदेड-लातूरकडच्या श्रोत्याला त्याचं फारसं नवल वाटलं नसतं. त्याच्या गावात गाणं जेवणं उरकल्यावर सुरू व्हायचं ते तांबडं फुटेपर्यंत. पुढे कॅसेट आली आणि उलटंच घडलं: या रात्रीलाच साठ मिनिटांत बसावं लागलं.

ही रात्र भीमगीतांच्या गायन पार्ट्यांची. तिचं मूळ भीमराव कर्डकांच्या १९३०च्या दशकातल्या आंबेडकरी जलशांत. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर बुद्धवंदना आली, कव्वालीचा बाज आला, दोन पार्ट्यांचे मुकाबले रंगू लागले. पेटी, ढोलक, बेंजो, मागे कोरस. एकीने सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे जवाब जुळवायचा. मधेच कुणी नोट पुढे करी, की गाणं थांबवून त्याचं नाव माइकवर पुकारायचं आणि पुन्हा ध्रुवपद धरायचं.

या गाण्यांचा मोठा कवी वामनदादा कर्डक. सिन्नरजवळच्या देशवंडीत १९२२ साली जन्म, अक्षरओळख झाली ती मुंबईत मोठेपणी. गावोगाव फिरून त्यांनी हजारो गाणी रचली.

मराठवाड्यात या गाण्यांना धार आली ती नामांतराच्या लढ्यात. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्याने सर्वाधिक सोसलं. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. १९९३च्या नोव्हेंबरात नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ निघालं. ज्या नावासाठी इथल्या माणसांनी जीव दिला, ते नांदेड-लातूरच्या पुढच्या मुलांच्या पदवीवर आलंच नाही.

लढ्याच्या याच सोळा वर्षांत कॅसेट पसरली. रेकॉर्ड प्लेअर ही पैसेवाल्याच्या घरातली चीज. टेपरेकॉर्डर मात्र सेलवर चाले, वीज नसलेल्या वस्तीतही. पार्टीची सुपारी न परवडणाऱ्या गावातही १४ एप्रिलला भोंग्यावर प्रल्हाद शिंदे गाऊ लागले. मंगळवेढ्याकडच्या या गायकाने विठ्ठलाची गाणीही तितक्याच ताकदीने गायली, त्यामुळे आषाढीला आणि जयंतीला एकाच गावात एकच आवाज घुमे. त्या आवाजाची खरी उंची कळते ती दोन्ही कॅसेटी लागोपाठ लावल्यावर.

पण कॅसेटने घेतलंही बरंच. सवाल-जवाब आखडले, जागच्या जागी जुळवलेली कडवी गेली, पुकारलेली नावं गेली. उरली सुटी, घोटीव गाणी. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कवीचं नाव बारीक. आपल्या नावाची सोय वामनदादांसारख्यांनी आधीच केलेली होती: शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफलेला असायचा. अर्थात, वेळेसाठी शेवटचं कडवं कापलं की कवीही कापला जाणार.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघंही २००४ साली गेले. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात नुसत्या एकतारीवर गाऊ लागल्या आणि मोबाइलच्या व्हिडिओंनी त्यांना घराघरांत नेलं. जुन्या कॅसेटीही लोक आता यूट्यूबवर चढवतात. तिथे साठ मिनिटांची मर्यादा नाही, रात्रभराचा सामना सबंध मावेल. तरी जास्त पाहिले जातात ते तुकडेच, आणि तुकडा बहुधा ध्रुवपदाचा असतो, शेवटच्या कडव्याचा नव्हे.