जालन्याची गाणी आणि गाणाऱ्यांच्या भाषा



गाणाऱ्यांच्या मेळ्यात भाषेवरून तंटा झाला की लोक म्हणतात, हे अलीकडचे खूळ आहे. तसे नाही. आपल्या जालन्याने हे दुखणे दोन्ही बाजूंनी भोगले आहे.

१९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी सुमारे एकचतुर्थांश आणि उर्दू बोलणारे दहांत एक. कचेरीची भाषा मात्र उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ मुळे सभेलाही परवानगी लागू लागली. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले, ते अशा दिवसांत. मराठीला हक्काची जागा राहिली ती भजनात, कीर्तनात आणि जात्यावर.

पण याहून जुनी गोष्ट विसरता कामा नये. पैठणच्या एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' रचला, तेव्हा तुर्काच्या तोंडी दखनी बोली घातली. आपल्या जांबेच्या समर्थांचीही हिंदुस्थानी पदे आहेत. पुढे १९४४ साली अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि अमर शेख यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. मुसलमान घरातल्या बार्शीच्या अमर शेखांनी मराठी गाण्यांनी कामगारवस्त्या जागवल्या. तेव्हा भाषा लादणे वेगळे आणि शेजाऱ्याची बोली गाण्यात घेणे वेगळे.

हे सारे ठाऊक असून आम्ही चुकलोच. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे पुष्कळ मजूर आहेत. त्यांतला एक जण आमच्या युनियनच्या भजनी मंडळात ढोलक वाजवी. एका होळीला त्याने विचारले, "भाऊ, एक फगुआ म्हणू का?" मंडळात कुरबूर झाली. आम्ही निकाल दिला, "तू वाजव, गाणे मराठीच होईल." तो काही न बोलता ढोलक ठेवून गेला. पुढे त्याच्या पाळीचे लोक सभेलाही येईनात, आणि मजुरीच्या मागणीवर सह्या कमी पडल्या.

निजामाच्या कचेरीत आमच्या आजोबांनी जे ऐकले, तेच आम्ही त्याला ऐकवले होते. गेल्या होळीपूर्वी त्याच्या खोलीवर जाऊन आम्ही चूक कबूल केली. आता पहिला अभंग मराठी, मग ज्याची पाळी त्याची बोली. दोन जुने टाळकरी अजून रुसलेले आहेत. त्यांची समजूत काढणे हेही युनियनचेच काम आहे.