सतरा सेंटिमीटर, चार भोकं

छोटा कॉम्प्युटर म्हटलं की आपल्याला मॅक मिनी आठवतो. पण सुटे भाग आणून छोटा डेस्कटॉप स्वतः जुळवता येतो, याचं श्रेय एका तैवानी कंपनीच्या अडचणीला जातं.

आधी मोठ्या डब्याविषयी. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं कुठे, मागचे पोर्ट कुठे, सगळं कागदावर. म्हणूनच लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून बोर्ड आणि दुसऱ्यातून कॅबिनेट घेतलं तरी ते एकमेकांत बसायचं. आपल्याकडच्या ‘असेंबल्ड पीसी’च्या मुळाशी असा रुक्ष कागद आहे.

हे धूड लहान करायचे प्रयत्न झाले. २००० साली अ‍ॅपलने पंख्याशिवाय चालणारा देखणा जी४ क्यूब आणला. किंमत १,७९९ डॉलर. वर्षभरात तो बंद झाला. २००१ मध्ये तैवानच्या शटलने बुटाच्या खोक्याएवढा पीसी काढला. त्यात प्रोसेसर, रॅम तुमची, पण बोर्डाचा आकार शटलचा स्वतःचा. तो बदलायचा तर पुन्हा त्यांच्याच दारात.

त्याच वर्षी व्हिया या तैवानी कंपनीने मिनी-आयटीएक्स जाहीर केलं. व्हियाचा सी३ प्रोसेसर वेगात इंटेल-एएमडीपुढे टिकत नव्हता. वीज मात्र कमी खायचा, तापायचा कमी. त्याला साजेसा बोर्ड त्यांनी केला १७ बाय १७ सेंटिमीटरचा. खरी हुशारी स्क्रूच्या चार भोकांत होती. ती एटीएक्सच्या भोकांशी जुळतात, त्यामुळे हा चिमुकला बोर्ड जुन्या मोठ्या कॅबिनेटमध्येही बसतो. माप सर्वांना खुलं होतं. हौशी लोकांनी ते बोर्ड टोस्टरमध्येसुद्धा बसवले. सी३ मागे पडला, पण पुढे इतर कंपन्यांनी त्याच मापाचे, इंटेल-एएमडीच्या दमदार प्रोसेसरचे बोर्ड काढले.

मग कॅबिनेटची पाळी. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका हौशी डिझायनरचं डॅन ए४ किकस्टार्टरवर आलं: ७.२ लिटर. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे, मध्ये लवचिक रायझर केबल. एसएमपीएस छोटा, एसएफएक्स मापाचा. कूलर ४८ मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही. असा पीसी जुळवताना स्क्रू-ड्रायव्हरइतकीच मोजपट्टी लागते. आधी मापं वाचा, मग पैसे द्या.

आता काटा पुन्हा बंद डब्याकडे झुकतोय. २०२० पासूनच्या मॅक मिनीत रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच असते. विकत घेताना जेवढी घेतली तेवढीच कायमची. आणि दुरुस्तीच्या हक्काचा झेंडा घेतलेल्या फ्रेमवर्कनेही २०२५ च्या आपल्या ४.५ लिटरच्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डर केली. त्या एएमडी चिपला मेमरीचा जो वेग हवा होता, तो काढत्या-घालत्या रॅमवर जमेना, असं कारण त्यांनी दिलं. कारण खोटं नाही. त्या वेगात सिग्नलला मधला सॉकेटही जाचतो.

म्हणजे वेग हवा तर रॅम बदलण्याची मुभा सोडा, असा हा सौदा आहे. तो करताना फ्रेमवर्कने एक गोष्ट मात्र राखली. त्यांचा बोर्ड १७ बाय १७ चाच आहे. उद्या डबा नकोसा झाला, तर बोर्ड काढून कुठल्याही मिनी-आयटीएक्स कॅबिनेटमध्ये चार स्क्रूंनी बसवता येतो. पुढचा छोटा पीसी घेताना रॅम किती याआधी ही चार भोकं आहेत का ते बघा.