बेलच्या जिभेवरचा ट

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल संस्कृत शिकलेला नव्हता. तरीही पोरवयात, भर सभेत, त्याने आपला मूर्धन्य ट बिनचूक उच्चारून दाखवला होता. 1922 साली नॅशनल जिऑग्राफिक मासिकात आलेल्या आठवणींत त्याने स्वतःच हे नोंदवलं आहे. ही नोंद वाचल्यापासून माझं ठाम मत झालंय, की स्पीच थेरपीची कुळकथा सांगायची तर ती या ‘ट’पासून सुरू करावी.

त्याचे वडील मेलव्हिल बेल हे वक्तृत्वाचे शिक्षक. ‘व्हिजिबल स्पीच’ ही त्यांची लिपी 1867 साली पुस्तकरूपाने आली, पण तिचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते. मुलांना खोलीबाहेर पाठवायचं, श्रोत्यांनी हवा तो आवाज काढायचा, वडिलांनी तो खुणांनी लिहायचा आणि परतलेल्या मुलाने नुसत्या खुणा वाचून तोच आवाज काढायचा. एकदा मुलाच्या तोंडून विचित्र घरघर निघाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो लाकूड करवतण्याचा आवाज होता! इंग्रजांच्या जिभेला न वळणारा ट त्याला जमला तोही असाच.

कसा जमला, हे महत्त्वाचं. त्या लिपीत अक्षर म्हणजे तोंडाला दिलेली सूचना. वाटोळ्या खुणेचं तोंड कुठल्या बाजूला, त्यावरून जिभेचा मागचा भाग उचलायचा, टोक उचलायचं की ओठ मिटायचे ते कळे. खुणेच्या आत छोटी रेघ असली की कंठात नाद. म्हणजे क आणि ग यांत फरक फक्त त्या रेघेचा. मराठी शाळेत गेलेल्याला हे ओळखीचं वाटणारच. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, अघोष, घोष. आपली वर्णमाला हेच सांगते.

मग मेलव्हिल बेल यांनी हे आपल्याकडून घेतलं का? विरोधी मत वजनदार आहे. स्पेनच्या बोनेतने मुक्यांना बोलायला शिकवण्यावर 1620 सालीच पुस्तक लिहिलं. इंग्लंडात विल्किन्सने 1668 साली तोंडाच्या आकृत्या छापल्या. होल्डरने बहिऱ्या मुलाला बोलायला शिकवलं आणि 1669 साली उच्चारस्थानांचं पुस्तक काढलं. नाद कसा होतो तेही त्याला उमगलं होतं. मग भारत हवा कशाला?

मी उलट विचारतो: होल्डरनंतर ते ज्ञान रुजलं का नाही? युरोपात घोष-अघोषाचा गोंधळ पुढेही बराच काळ चालू राहिला. कंठ आवळला की नाद, मोकळा राहिला की नुसता श्वास, हे प्रातिशाख्यांनी, म्हणजे वेदांच्या उच्चारनियमांच्या प्राचीन ग्रंथांनी, स्वच्छ सांगितलं होतं. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सने 1788 साली आशियाई शब्दांच्या लेखनावर निबंध लिहिला आणि तिथून हे ज्ञान युरोपात जायची वाट उघडली. अमेरिकेच्या व्हिटनीने 1862 साली अथर्ववेदाचं प्रातिशाख्य संपादित केलं, आणि मेलव्हिल बेल यांच्या लिपीवर परखड समीक्षा लिहिणाराही हाच व्हिटनी! भारतीय वैयाकरणांविना एकोणिसाव्या शतकातलं ध्वनिशास्त्र कल्पणंही अवघड, असं फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने 1946 साली लिहिलं. मेलव्हिल बेल प्रातिशाख्य उघडून खुणा बेतत होते, असा माझा दावा नाही. पण ज्या पिढीत हे शास्त्र पक्कं झालं तिच्या कानावर आपला ट पडलेला होता, हे बेलच्या आठवणीवरूनच दिसतं.

एका बाबतीत मात्र अभिमान आवरावा लागतो. शिक्षाग्रंथांत, म्हणजे वेदपठणाचे उच्चार शिकवणाऱ्या आपल्या जुन्या ग्रंथांत, वाचादोषांची यादी आहे. अनुनासिक, गद्गद, बद्धजिह्व, अगदी स्थान सुटलेला उच्चारसुद्धा. निदान किती नेमकं! पण अशा माणसाने पठण करू नये, एवढाच त्यावरचा निकाल. उपचार नाही. उलट अलेक्झांडर बेलने 1871 साली बॉस्टनच्या बहिऱ्यांच्या शाळेत शिक्षिकांना ही लिपी शिकवली आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी स्वतःची शाळा काढली. हातांनी बोलायच्या खुणांच्या भाषेला विरोध करून त्याने बहिऱ्यांचं नुकसानही केलं. तरी ज्याला पाठशाळेने बाहेर ठेवलं त्याच्यासाठी शिक्षक घडवणं सुरू झालं ते अशा शाळांतून, आणि माझ्या लेखी व्यवसाय जन्मला तो तिथे.

पुढचा प्रवास थोडक्यात असा. आयोवा विद्यापीठात 1924 साली वाचादोषांचा अभ्यासक ली ट्रॅव्हिसची डॉक्टरेट, 1925 साली अमेरिकेत या व्यावसायिकांची संघटना, आपल्याकडे 1960च्या दशकात म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था, 1983 साली वांद्र्याची अली यावर जंग संस्था, 1992 साली पुनर्वसन परिषदेचा कायदा.

आजही थेरपिस्ट ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारं मूल तपासते तेव्हा वर्णमालेतलं स्थान आणि घोष यांचं हेच कोष्टक कामाला येतं. क आणि त दोन्ही अघोष, दोन्ही अल्पप्राण. बिघडलंय ते फक्त स्थान. म्हणजे शिकवायचं ते जीभ मागून उचलायला, बाकी काही नाही. चौथं वर्ष उलटूनही ‘ताता’ टिकला तर ‘होईल आपोआप’ म्हणून थांबू नका, मुलाला दाखवा.

आणि वर्णमालेचं हे कोष्टक ज्यांना आवडतं अशा, बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींनी बीएएसएलपी या वाचा-श्रवण उपचारांच्या पदवीचा जरूर विचार करावा. इंटर्नशिप धरून चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तो शिकवतात. दुसरीकडे कुठे प्रवेश घेणार असाल, तर आधी त्या संस्थेला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे का, ते पाहा. परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही.