द्यूतगृहातील फुकटचे ताट



आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर खानावळीचा व्यवहार अगदी सरळ असतो. सुरमईचे ताट घ्यावे, सोलकढी प्यावी, पैसे द्यावेत आणि उठावे. देणेघेणे तेथेच संपते. परंतु बांदा मागे टाकून पत्रादेवीची सीमा ओलांडली आणि पणजी गाठली, की मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या जहाजांवर निराळाच व्यवहार दृष्टीस पडतो. तेथे ताटाचे पैसे वेगळे मागत नाहीत. प्रवेशशुल्क भरले की खाणेपिणे बहुधा त्यातच येते. आणि जो मेजापाशी मोठ्या रकमा लावून दीर्घकाळ बसतो, त्यास याहून खास भोजन, प्रसंगी निवासाची खोलीही, यजमानाकडून भेटीदाखल मिळते. "खेळलो तर खेळलो, वर जेवण कमावले", असे पाहुण्यास वाटते. ही कमाई खरोखर कमाई आहे काय, हे इतिहासाच्या आधाराने तपासून पाहावे, एवढाच माझा आजचा हेतू आहे.

द्यूत आणि आतिथ्य यांचे नाते फार जुने आहे. महाभारतातील सभापर्व आठवून पाहा. पांडव हस्तिनापुरास आले, तेव्हा त्यांस लागलीच फाशांपुढे बसविले नाही. आधी भेटीगाठी झाल्या, उत्तम भोजन झाले, सुखाची निद्रा झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सभेत गेले. जेवू घालणाऱ्याच्या घरी "नाही" म्हणणे अवघड असते, हे त्या काळीही ठाऊक होते!

मात्र आपल्या शास्त्रकारांनी या व्यवहाराचा हिशेब उघड मांडून ठेवला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. द्यूत एकाच नेमलेल्या ठिकाणी चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, असा तेथे नियम आहे. जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच हा अध्यक्षाचा भाग. त्याखेरीज फाशांचे भाडे, जागेचे मोल आणि पाण्याचेही मोल खेळणाऱ्याने द्यावयाचे. याज्ञवल्क्य स्मृतीतही द्यूतगृह चालविणाऱ्या सभिकाचा वाटा शेकडा पाच आणि दहा असा सांगून ठेवला आहे. म्हणजे आपला यजमान किती घेतो, हे प्रत्येक खेळाडूस पट धरण्याआधीच कळत असे. पाण्याचाही पैसा लागे, पण तो पाण्याचा म्हणूनच लागे.

यावरून तो काळ सज्जनांचा होता, असे मात्र कोणी समजू नये. देवलांच्या नाटकामुळे मराठी रसिकांच्या परिचयाचे झालेले मृच्छकटिक पाहा. दहा सुवर्णांच्या ऋणापायी संवाहक पळतो, ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. सभिक माथुर त्याच्यासमोरच खेळ मांडतो. आणि फाशांचा आवाज कानी पडताच त्या मूर्तीस राहवत नाही. मोहाची ही शक्ती शूद्रकाने ओळखली होती. पण माथुराचा तगादा उघड होता. त्यावर मेजवानीचे पांघरूण नव्हते.

ते पांघरूण किती नफ्याचे असते, हे लंडनच्या विल्यम क्रॉकफर्डने दाखविले. आपल्या किनाऱ्यास हा मनुष्य जवळचा वाटावा, कारण तो मूळचा मासळीविक्या. १८२८ मध्ये त्याने सेंट जेम्स स्ट्रीटवर उमरावांसाठी क्लब उघडला, लुई यूद हा नामांकित फ्रेंच आचारी ठेवला आणि सभासदांस रात्रीचे भोजन विनामूल्य दिले. पंक्तीतून उठलेले उमराव शेजारच्या दालनात फासे टाकीत. १८४० मध्ये क्रॉकफर्ड निवृत्त झाला तो गडगंज होऊन; आणि त्याच्या पंक्तीस जेवलेल्या कित्येकांच्या वडिलोपार्जित मिळकती ओसरल्या होत्या.

पुढे अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला आणि लास व्हेगास येथे ही युक्ती एक शास्त्र बनली. आता यजमान अंदाजाने वाढीत नाही, गणिताने वाढतो. ते गणित अवघड नाही. एका शून्याच्या चक्रावर सदतीस घरे असतात. एका घरावर लावून जिंकलात तर पस्तीसपट मिळते. या फरकात यजमानाचा वाटा आहे, तो लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे. समजा, एक गृहस्थ दर फेरीस हजार रुपये लावतो, तासाला चाळीस फेऱ्या होतात आणि तो चार तास बसतो. एकूण १ लक्ष ६० हजार रुपये लागले. त्यात सरासरीने त्याचे नुकसान सुमारे ४,३०० रुपये. मेजावरचा कारकून त्याची सरासरी रक्कम आणि बसण्याचा वेळ टिपून ठेवतो. यजमानाने या अपेक्षित नुकसानीचा चौथा हिस्सा परत करावयाचे ठरविले, तर सुमारे १,०८० रुपयांचे भोजन होते. गृहस्थ समजतो, ताट फुकट मिळाले. वस्तुतः रुपयाच्या घासास त्याने चार रुपये मोजलेले असतात.

कोणी म्हणेल, एखादा त्या दिवशी जिंकतोही. खरे आहे. पण यजमान एका माणसाचा दिवस पाहत नाही, सर्वांचे वर्ष पाहतो. सावकाश खेळावे, मध्ये मध्ये उठावे, म्हणजे थोड्या नुकसानीत मोठे ताट पदरात पडते, असे शिकविणारे मॅक्स रुबिन यांचे पुस्तक अमेरिकेत १९९४ मध्ये निघाले. ती युक्ती अगदीच खोटी नाही. परंतु ती साधण्यास जो संयम लागतो, तो मोडावा म्हणूनच तर सारी सजावट असते.

आता आपल्या शेजारच्या कायद्याची कथा ऐका. गोव्यात १९७६ चा कायदा झाला तो जुगार रोखण्यासाठी. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांस मोकळीक मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील मेजांस. त्याच १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंस परवाने देण्याचा कायदा केला. तो कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. रोखणाऱ्या कायद्याने दार उघडले, उघडणारा कायदा कपाटात राहिला! पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने आपल्याच रहिवाशांस या खेळघरांत प्रवेशबंदी केली. म्हणजे ज्या घरात स्वतःच्या मुलांनी जाऊ नये असे त्या राज्यास वाटते, त्या घरी शेजाऱ्याने पाहुणा म्हणून यावे. आणि सर्वांत जवळचा शेजारी कोण? आपण सिंधुदुर्गवासी.

मी खेळाचा वैरी नव्हे. बलिप्रतिपदेस आपण द्यूतप्रतिपदा म्हणतोच. आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगविलेला एकशेवीस पानांचा दशावतारी गंजिफा हे तर आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. प्रश्न खेळाचा नाही, हिशेबाचा आहे. कौटिल्याच्या द्यूतगृहात पाणीही विकत मिळे, म्हणून तहानेची किंमत कळत असे. आज पक्वान्नही फुकट मिळते, म्हणून भुकेची किंमत कळत नाही.

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा दोरास हात लावणाऱ्यास मासळीचा वाटा मिळतो. तो वाटा श्रमाचा, सर्वांसमोर वाळूवर मोजून दिलेला. कमावलेले जेवण म्हणतात ते त्याला. मांडवीवरच्या ताटापुढे बसण्याची वेळ ज्याच्यावर येईल, त्याने पहिला घास घेण्यापूर्वी एवढेच विचारावे, की या ताटाचा दोर ओढला कोणी? उत्तर त्याला स्वतःच्याच खिशात सापडेल.