४२९४९६७२९७

३२ बिटवाल्यांना ४२९४९६७२९६ हा आकडा पाठच असतो: दोनाचा ३२वा घात. त्यात एक मिळवलात, की फर्माची फजिती! ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्यांच्या माळेतली पुढची संख्या ही. माळेतली प्रत्येक संख्या मूळच, असं त्याला १६४० पासून वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं, की हिला ६४१ ने भाग जातो. उत्तर ६७००४१७.

नुसतं नशीब नव्हे बरं का. हिचा मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केलं. म्हणजे तपासायचे फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाच भागाकार, बस्स! आणि हे निघतं फर्माच्याच छोट्या प्रमेयातून. हत्यार घरातच होतं राव, मग इथे का चालवलं नाही? माळेतली सहावी मूळ संख्या अजूनही कोणाला सापडलेली नाही.